पहिलं पाऊल मागे

नाचाच्या हॉलमध्ये गाणं सुरू झालं आणि दोघंही मागे गेले. इस्त्रीवाल्याचा हात समोरच्या बाईंच्या हातात, दोघांचे दंड ताणलेले आणि मध्ये ही एवढी जागा. धुतलेल्या चादरीची घडी करायला दोघांनी टोकं धरावीत तसं ते ध्यान दिसत होतं.

पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा दोघंही मागे.

"दादा," बाई म्हणाल्या, "तुम्हाला शिकवलं कुणी?"

त्याने खरं ते सांगितलं. तो एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्रीला होता. तिथल्या बॉयलरवर जो माणूस होता त्याला सगळे जहाजी म्हणत, कारण तरुणपणी त्याने बोटीवर नोकरी केली होती आणि बंदराबंदरांत साल्सा नाचला होता. शिफ्ट सुटली की घडीच्या खोलीत तो याला शिकवायचा. जहाजी पुढे आला की मागे जायचं, त्याने हात उचलला की त्याखालून गिरकी घ्यायची. सगळा हिवाळा दोघांनी हेच केलं होतं.

बाई बेकरी चालवायच्या आणि दर शनिवारी या हॉलमध्ये नाचायला यायच्या. त्यांनी गाणं संपेपर्यंत हसू दाबलं, मग त्याला खुर्चीवर बसवून समजावलं. या नाचात पुरुषाचा डावा पाय आधी पुढे पडतो. त्याचा उजवा तळवा बाईच्या पाठीवर असतो आणि कुठे वळायचं ते तो ठरवतो. बाई मागे जाते. जहाजीने आपला भाग केला, उरलेला याच्या गळ्यात पडला.

"तुम्ही नाचता छान हो," त्या म्हणाल्या. "पण माझा नाच."

हसावं की रडावं त्याला कळेना. पुढच्याच शनिवारी त्याच्या लग्नाचा वाढदिवस होता आणि बायकोला याच हॉलमध्ये आणायचं तो कबूल करून बसला होता. तेही मेहुणीच्या देखत, म्हणजे आता सुटका नाही. बायकोने उभ्या संसारात एकच हौस बोलून दाखवली होती, एकदा चारचौघांत नवऱ्याबरोबर नाचायची. याने ती दरवेळी टोलवली होती. आता फजिती झाली असती तरी ती एका शब्दाने बोलली नसती. पर्स उचलून, चला घरी, एवढंच म्हणाली असती. त्या पर्सचीच त्याला धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी त्याने जहाजीला गाठलं. जहाजी खजील झाला, पण हटला नाही. आयुष्यभर आपण बायकांनाच नाचवत आलो, बाई होऊन नाचायची वेळच कधी आली नाही, असं त्याचं म्हणणं. तरी मित्रासाठी उलटं करून पाहायला तयार झाला. सवयीने तोही पुढे आला, हाही हट्टाने पुढे गेला आणि दोघांची कपाळं अशी आपटली की घडीवाल्या पोरी दिवसभर खिदळत होत्या.

बेकरीवाल्या बाईंनी एक संध्याकाळ त्याच्यासाठी काढली. पाऊल लहान टाका, पायांकडे नको, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघा, हात आवळू नका. बिचाऱ्याने सगळं उचललं. फक्त तो डावा पाय काही केल्या ऐकेना. डोकं म्हणायचं पुढे, पाय जायचा मागे. इतकी वर्षं चादरीचं टोक धरून समोरच्याच्या ओढीने चालायची सवय, ती काय चार दिवसांत मोडते?

घरी तो मनातल्या मनात पावलं मोजत असायचा. बायको त्याच्याहून चार बोटं उंच, रस्ता ओलांडतानाही तीच त्याच्या पाठीला हात लावून पलीकडे न्यायची. तिचंही हल्ली डोकं ठिकाणावर नव्हतं. मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता आणि सोबत म्हणून हिलाही त्या वर्गाला जावं लागे. संगीत लावून जोडीजोडीने व्यायाम, सगळ्या बायकाच. आली की खांदे भरून आलेले असायचे. मग हा मलम चोळायचा.

शुक्रवारी मलम चोळता चोळता ती म्हणाली, "अहो, एक सांगायचं होतं. उद्याच्याबद्दल."

त्याचा हात थांबला. हिला कुणीतरी सांगितलं, त्याला वाटलं.

"उद्याचं उद्या बघू," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली आणि तिनेही विषय सोडून दिला.

शनिवारी ती ठेवणीतली साडी नेसली, पण पायांत सपाट बूट घातले. हॉलमध्ये शिरल्यावर दोघं भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसले. एक गाणं गेलं. दुसरं गेलं. तीही उठायचं नाव घेईना, मांडीवरच्या पर्सचा पट्टा पिळत बसली. हिची हौसच मेली की काय? पलीकडून बेकरीवाल्या बाई त्याला डोळ्यांनी दटावत होत्या, उठा म्हणून.

तो उठला. तीही उठली. मध्ये जाऊन समोरासमोर उभे राहिले आणि त्याचा सगळा धीर सुटला. फसवून फजिती करून घेण्यापेक्षा सांगून टाकलेलं बरं.

"अगं, मला फक्त मागे जाता येतं," तो म्हणाला. "जहाजीने मला बाईचा नाच शिकवला. पुरुषाचा मला येतच नाही. खूप प्रयत्न केला गं."

तिने इतका लांब श्वास सोडला की शेजारच्या जोडप्याने वळून पाहिलं. ती भिंतीपर्यंत जाऊन पर्स खुर्चीवर ठेवून आली, उजवा तळवा त्याच्या पाठीवर टेकवला आणि डावा पाय पुढे टाकला.