न उसवलेला टाका

तीस वर्षांचा संसार मोडला. उरलं होतं खुर्च्या मढवायच्या दुकानाचं भांडण. नवऱ्याचे वकील कोर्टात गरजले, “बाई घरी होत्या. दुकानात त्यांचा कसला वाटा?” दुकानाची सगळी शिवण ती पोरांना निजवून घरीच करायची. पुरावा कुठून आणणार? न्यायाधीशबाईंनी आपल्या खुर्चीच्या गादीवर थाप मारली. “हीसुद्धा तुमच्याकडचीच ना? इतक्या वर्षांत टाका उसवला नाही.” “सगळी कारागिरी आमच्या अशिलाची!” वकील खुलले. नवरा ताडकन उठला. “छे हो! शिवण हिची. मी शिवलं असतं तर कापूस केव्हाच बाहेर आला असता!” वकिलांनी कपाळाला हात लावला. दालन हसलं. निम्मं दुकान तिचं झालं. बाहेर नवऱ्यानं डोकं खाजवलं. “आता शिवणार कोण?” “मीच की,” ती खळखळून हसली. “पण आधी पाटीवर माझंही नाव रंगवा!”