खूण काय सांगितली?

"रीताबाई, देऊन टाका ना पासवर्ड. काऊन घोडं अडवून राह्यल्या?" गुणवंतराव पुन्हा म्हणाले.

रीताचं बोट कीबोर्डवर तसंच थांबलेलं. समोर मेल उघडी होती. वर कंपनीचं चिन्ह, खाली मोठ्या साहेबांचं नाव, आणि भाषा अशी की गुळाची ढेप लाजावी. सुरक्षेसाठी तपासणी सुरू आहे, आपला पासवर्ड तेवढा लिहून पाठवा, नाहीतर दुपारी आपला कम्प्युटर बंद होईल.

बाहेर अहेरीच्या त्या गोदामासमोर हिरड्याचा ट्रक भरून उभा होता. एटापल्लीकडच्या बायांनी रान तुडवून वेचलेला हंगामभराचा हिरडा. कम्प्युटर बंद पडला तर ट्रकचा गेटपास निघायचा नाही. आणि पासवर्ड भलत्याच्या हाती लागला तर गोदामातला माल कुठंही पाठवायला तो मोकळा. मॅनेजर गुणवंतरावांनी सकाळीच ऐकवलं होतं, आजचा ट्रक अडला तर उद्या या खुर्चीवर दुसरं माणूस बसेल. नवरा धनराज तळ्यात जाळं टाकायचा. त्या मासोळीवर घर अर्धंच चालायचं, उरलेलं अर्धं या खुर्चीवर.

खरं तर तिनं घाबरायला हवं होतं. पण तिला नवलच जास्त वाटत होतं. एवढं गोड कोण बोलतं बाई? नागपूरची कचेरी तर धड 'बरं' सुद्धा म्हणत नाही. त्या कचेरीत ती एकदाच गेली होती, कम्प्युटर शिकायला. परत आल्यावर घरी सगळं रंगवून सांगितलं होतं, एक गोष्ट सोडून.

तिला बापाची आठवण झाली. लग्नानंतर तिला सासरी सोडून निघताना मनसारामनं तिच्या कानात एक खूण सांगितली होती. त्यांच्या गावची रीतच तशी. माहेरून न्यायला कोणीही येवो, त्यानं खूण सांगितल्याशिवाय पोरीनं घराबाहेर पाय टाकायचा नाही. पुढं माय आजारी पडली तेव्हा लटारू नावाचा, तिनं जन्मात न पाहिलेला माणूस सायकलवर आला. अंगणात उभा राहून म्हणाला, तुझ्या हातचा पहिला भात मांजरानंही हुंगला नाही म्हणे. सासरचे सगळे खो खो हसले. रीतानं मात्र खूण ओळखली, डोळे पुसत ती आत गेली, पिशवी भरली आणि त्याच्या मागं सायकलवर बसून जंगलवाटेनं माहेरी पोचली.

तिनं मेलला उत्तर लिहिलं. आधी तुम्ही खूण सांगा.

उलट उत्तर लगेच आलं, आणखी गोड. पासवर्ड हीच आपली खूण, ती कृपया आम्हाला कळवावी.

"भाऊ, हा तर खूण आपल्यालेच मांगून राह्यला," रीता हळूच म्हणाली. "लटारूनं मलेच खूण विचारली असती, तर मी त्याच्यासंगं गेली असती काय?"

गुणवंतरावांनी कपाळावर हात मारून घेतला. लटारू कोण अन् कंपनी कोण, कशाचा कशाला मेळ नाही, म्हणाले. रीतानं फोनच्याच तारेवर चालणारं इंटरनेट तोडलं. लाइन मोकळी झाली आणि फोन वाजला.

पलीकडचा माणूस धापा टाकत होता आणि चांगलाच खेकसत होता. श्रावण नाव, नागपूरच्या कचेरीतला कम्प्युटरवाला. कधीचा फोन लावतोय, लागत नाही. एका गोदामाचा पासवर्ड अशाच मेलनं गेला, त्यावरून सगळ्याच गोदामांच्या ड्रायव्हरलोकांना खोटे पत्ते गेले. पासवर्ड कोणालाच द्यायचा नाही, त्यालासुद्धा नाही, आणि तो सांगेपर्यंत ट्रक जागचा हलवायचा नाही.

गुणवंतराव उसळलेच. हाच चोर आहे, म्हणाले. भरला ट्रक उभा ठेवा म्हणणारा कंपनीचा माणूस असतो काय?

आता रीताही डळमळली. फोनवर काय, कोणीही श्रावण होऊ शकतो. हा खोटा निघाला तर तिची खुर्ची गेली. खरा असला आणि ट्रक सुटला, तर बायांनी वेचलेला हिरडा गेला. बाहेर ड्रायव्हरनं इंजिन सुरूही केलं होतं.

"खूण सांगा," ती फोनमध्ये म्हणाली.

"खूण? कायची खूण?"

"माझी एखादी गोष्ट सांगा. दुसऱ्या कोणाले ठाऊक नसलेली."

पलीकडचा खेकसणारा आवाज एकदम खाली आला.

"बाई, तुम्ही शिकाले आल्या होत्या ना, तवा लिफ्टच्या दाराशी चपला काढून आत गेल्या. लिफ्ट वर गेली अन् चपला खालीच राह्यल्या. त्या मीच जिन्यानं वर आणून देल्या होत्या."

रीताचे कान तापले. ही गोष्ट तिनं धनराजलाही सांगितली नव्हती. फोनवर हात ठेवून ती गुणवंतरावांकडं वळली. तिचे डोळे भरले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

"ट्रक थांबवा, भाऊ. माहेरचा माणूस हाय."