खंड्याचे दात

"तुमी खोटा लिवताव, साहेब," कौसाबाईनं तोंडावर सांगितलं. प्रदूषण मंडळाचा साहेब तिच्याच ओट्यावर, तिनंच दिलेल्या खुर्चीत बसून तिच्याच तक्रारीचा पंचनामा लिहीत होता. एका हातात पेन, दुसऱ्या हातानं नाकाला रुमाल.

मोरिवलीला वास नवा नव्हता. कंपन्या आल्या, त्यांच्या मागोमाग वास आला. सकाळी सडक्या अंड्याचा, दुपारी जळक्या रबराचा. पाहुणे नाक दाबत, गाववाले हसत, कारण त्यांना येईनासाच झाला होता. पण गेल्या काही महिन्यांत कौसाबाईला घरात एक नवीनच घाण जाणवायला लागली. ओट्यावर नाही, चुलीपाशी नाही. रात्री निजलं की उशाशी. तिनं अर्जावर अर्ज केले. सातव्या अर्जात सून सोनियाकडून लिहून घेतलं, 'वास आता उशापर्यंत आला आहे.' त्यावर साहेब आला.

त्या दिवशी कंपनीनं असं काही सोडलं होतं की साहेबाच्या ड्रायव्हरचे डोळे गळत होते. तेवढ्यात खंड्या खुर्चीखालून आला आणि साहेबाच्या पायाला अंग घासून त्यानं भलीमोठी जांभई दिली. खंड्या म्हणजे कौसाबाईचा दहा वर्षांचा बोका. खंड्या पक्ष्यासारखा मासळीवर झडप घालायचा म्हणून हे नाव. साहेबानं पाय आखडले. मग खाली वाकून लिहिलं, 'परिसरात दुर्गंधी आढळली नाही. दुर्गंधीचा उगम तक्रारदाराच्या घरातील मांजर.' सही, शिक्का, जीप चालू.

गावाला वर्षभराचं हसू मिळालं. टपरीवाला हिंदुराव रोज विचारायचा, कंपनी बंद करतेस का मांजर बंद करतेस, कौसाबाय? ती ऐकून घ्यायची. पंचनाम्याची नक्कल तिनं फाडली नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली, भांडायला लागेल म्हणून.

वर्ष उलटलं आणि खंड्या वाळायला लागला. मासळी हुंगायचा, तोंडात घ्यायचा आणि टाकून द्यायचा. सोनिया म्हणाली, आई, म्हातारपणी नखरे सुचतात. कौसाबाईनं त्याला दुधात पोळी कुस्करून दिली. पुढं तीही खाईना. नुसता कळशीपाशी बसून पाणी प्यायचा आणि घरभर मुतायचा. तेव्हा कौसाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कंपनीच्या हवेनं मुकं जनावर मरतंय, ह्याहून मोठा पुरावा कुठला? डॉक्टरकडून तसं लिहूनच आणायचं. भाजीच्या पिशवीत खंड्या, दुसऱ्या पिशवीत अर्जांची चळत, अशी ती सोनियाला घेऊन बदलापूरला मांजरांच्या डॉक्टरकडे गेली.

डॉक्टर प्रीती साळवे तरुण होती, पण घाई करणारी नव्हती. कौसाबाई कंपनीची कहाणी सांगत होती, तोवर तिनं खंड्याचं पोट चाचपलं, रक्त काढून तपासायला दिलं आणि मग अंगठ्यानं त्याचा ओठ वर केला. सोनिया दोन पावलं मागं सरली. मागचे दात पिवळ्या थरानं लिंपलेले, एक हलत होता, हिरडी दाबली तर पू आला. कौसाबाई वाकून बघत राहिली. एवढ्या जवळून तिनं ह्या तोंडात कधी पाहिलंच नव्हतं.

"किडन्या निकामी होत चालल्यात, मावशी," रक्ताचा कागद आल्यावर डॉक्टर म्हणाली. "नुसत्या दातांनीच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगत नाही, वयही झालंय. पण हिरड्यांतली घाण रोज रक्तात उतरते, आणि ते रक्त गाळायचं काम किडन्यांचं. किती दिवस गाळणार?"

मग दात काढा, कौसाबाई म्हणाली. डॉक्टरनं मान हलवली. त्याला भूल द्यावी लागते, आणि ह्या किडन्यांना ती आता झेपायची नाही. वर्षापूर्वी आणला असता तर काढले असते. आता सलाइन देत राहायचं. महिने म्हणा, वर्षं म्हणू नका.

कौसाबाईनं तरीही पिशवीतला पंचनामा काढून टेबलावर ठेवला. कंपनीचं लिहून द्या, मी पुढं बघते. डॉक्टरनं तो वाचला, मग तारीख वाचली.

"ह्या माणसाला तेव्हाच वास कळला होता," ती म्हणाली. "खंड्या निजतो कुठं?"

कौसाबाईनं पंचनामा परत ओढून घेतला. खंड्या दहा वर्षं तिच्या उशाशी निजत होता.

परत येताना ती घरी गेली नाही. सोनियाला रिक्षातून पुढं पाठवलं आणि खंड्याची पिशवी घेऊन थेट साहेबाच्या कार्यालयात शिरली. पिशवी टेबलावर ठेवली, शेजारी रक्ताचा कागद, शेजारी पंचनामा. साहेबानं तिन्हीकडं पाहिलं. हसला. म्हणजे मांजरच ना शेवटी, तो म्हणाला, मग मी काय खोटं लिहिलं होतं, मावशी? हे म्हणताना त्याचा हात खिशातल्या रुमालाकडं गेलाच.

"नाय साहेब, खरा लिवलाव," कौसाबाई म्हणाली. "माझा बोका माझे उशाशी सडला, वास आला, पन कोनाचा मना नाय कलला. माझा नाक तुमचे कंपन्यांनी खाल्लाय. पन तुमचा नाक जिता हाय. तांदलाएवढ्या दाताचा वास तुमाला रुमालातून आला."

तिनं खुर्ची ओढली.

"मग त्याच रुमालातून कंपनीचा कसा नाय आला? लिवा जबाब. मी बसलेली हाय."