ताईंच्या फोटोखाली

"काय हो, एकमेकांची कॉपी केलीत की काय?" ताई स्वतःच्याच फोटोसमोर उभ्या राहून हसल्या.

फोटोखाली सकाळीच तीन रंगीत चिठ्ठ्या लागल्या होत्या. अक्षरं तिघांची, मजकूर एकच: 'ताई समजून घेतात.' नर्सबाई उगाच चिकटपट्टी दाबत बसल्या. ड्रायव्हरला गाडी पुसायची आठवण झाली. हिशेबनीसांना खोकला आला.

कर्मचाऱ्यांच्या फोटोंची ही भिंत ताईंचीच कल्पना. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणारी ही संस्था. उद्या देणगीदार पाहणीला येणार, आणि या मंडळींना 'तुम्हाला काय काय येतं' विचारलं की उत्तर ठरलेलं: "काही विशेष नाही." म्हणून ताईंनी नियमच केला. आपलं कसब आपण लिहायचं नाही, दुसऱ्यानं लिहायचं. मग सगळे पेन शोधत राहिले आणि चिठ्ठ्या ताईंनीच लिहिल्या. 'पेशंटला खुर्चीसकट चार मजले उतरवतो, पेशंटची झोप मोडत नाही,' हे ड्रायव्हरचं. 'शीर सापडेपर्यंत गप्पा मारते, सुई कळतच नाही,' हे नर्सबाईंचं. हिशेबनीसांपाशी घोडं अडलं. शेवटी लिहिलं, 'नको ती गोष्टही गोड आवाजात सांगतात.'

ताईंच्या फोटोखाली मात्र कालपर्यंत कोरी भिंत होती. मोडक्या पायाची खुर्ची वर्षानुवर्षं बिनतक्रार वापरणाऱ्या बाईला ती भिंत बोचली होती. आज त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या.

तेवढ्यात संचालकांनी आत बोलावलं. दार त्यांनी स्वतः लोटलं.

"निधी आटलाय, ताई. पुढच्या महिन्यापासून एक माणूस कमी करावा लागेल. नर्सबाई गेल्या तर इंजेक्शन कोण देणार? ड्रायव्हरशिवाय गाडी हलायची नाही. हिशेब तर द्यावाच लागतो."

"आणि मी सगळ्यांना सांभाळते ते?"

"म्हणून तर तुम्हाला मोकळेपणानं सांगतोय." संचालक पेपरवेट फिरवत राहिले. "तुम्ही समजून घ्याल. बाहेर अजून कुणालाच बोललो नाहीये हं."

ताईंनी मान हलवली. सवयीनं.

त्या बाहेर आल्या. एरवी संचालकांच्या खोलीतून मांजर बाहेर आलं तरी "काय म्हणाले सर?" विचारणारी ही माणसं. आज एकानंही मान वर केली नाही.

ताई भिंतीपाशी गेल्या. आपल्या फोटोच्या कोपऱ्याखाली त्यांनी नख घातलं.

हिशेबनीस लगबगीनं उठून आले. आवाज अगदी साखरेत घोळलेला.

"राहू द्या ना, ताई. उद्या पाहुणे बघून गेले, की मीच काढतो."