अस्तराची पाठ

भिमाजीनं अंगातलं जाकीट काढून टेलरच्या टेबलावर ठेवलं. "ह्याची पाठ बदलून द्या, मास्तर. पुढं हाय त्याच कापडाची."

शिरूरच्या बाजारपेठेतल्या बाळासो टेलरनं जाकीट उलटंसुलटं केलं. शिलाई त्याचीच होती. पुढून राखाडी सुटाचं कापड, मागं चकचकीत अस्तर. धोतर आणि नेहरू शर्टावर ते घालून भिमाजी केंदूरहून एसटीनं आला होता.

"आप्पा, हे सुटातलं जाकीट. वर कोट येतो, म्हणून पाठ अस्तराची."

"ठावं हाय. लोक हसत्यात."

"मग वरनं कोट घाला की."

"कोट पोराच्या अंगावर गेला," भिमाजी म्हणाला. "सत्यजीतच्या. लग्नाला अकरा दिवस व्हते. राजदूत मोटारसायकलवर व्हता, शिक्रापूरजवळ ट्रकनं उडवला. कोट-पँट घालूनच मसणात न्हेला त्याला. हे घाईत पेटीत ऱ्हायलं."

बाळासोनं मशीनवरचा पाय काढून घेतला.

"त्याची आई पेटी उघडायची आन् ह्याच्यात तोंड घालून बसायची. जेवण न्हाई, पाणी न्हाई. मग मीच घालाया लागलो. माझ्या अंगातनं काय काढून घेत न्हाई ती."

बाळासो बराच वेळ शिवण चाचपत राहिला. "पाठ करून देतो. छातीत आवळत असंल, तेबी सैल करतो. आत शिवणीत दोन बोटं जादा कापडाची माया सोडलीया. लग्नानंतर पोरं अंगानं भरत्यात, म्हणून..."

भिमाजीचं लक्ष भिंतीवरच्या उभ्या आरशाकडं होतं. "ट्रायल हितंच घेतली व्हती त्यानं?"

"व्हय."

"आमाला घालून दावला न्हाई. म्हनला, लग्नातच बघा." भिमाजी आरशाकडून बाळासोकडं वळला. "कसा दिसत व्हता?"

त्या लग्नसराईत बाळासोनं साठ-सत्तर सूट शिवले होते. त्याला चेहरा आठवेना. खोटं बोलवेना. त्यानं फळीवरून मापांची जुनी वही काढली, पानं उलटली, आणि सत्यजीतच्या पानावर बोट ठेवून वाचू लागला.

"छाती साडेचौतीस. कंबर तीस. खांदा सतरा. बाही पंचवीस."

"बाही किती?"

"पंचवीस."

भिमाजीनं आपला डावा हात लांब केला. उजव्या हातानं खांद्यापासून मनगटापर्यंत चाचपत आला, आणि बोटं मनगटाच्याही जरा पुढं नेऊन थांबवली.

"व्हय," तो म्हणाला. मग बाकावर नीट टेकून बसला. "आता पहिल्यापासनं वाचा. सावकाश."