चौदावं नाव

शेषेरावांनी लुंबिनीचा अर्ज वाचला, त्याची घडी घातली आणि तो परत तिच्याच हातात ठेवला.

"घरचा साक्षीदार चालत न्हाई, ताई. समितीचा नियम हाय."

नियम केला तेव्हा समितीत कोण होतं, हे विचारण्यात अर्थ नव्हता. आज शेषेराव अध्यक्ष होते, त्यांच्याआधी त्यांचे वडील केशवराव पाटील होते.

कंधारच्या अलीकडच्या या गावावर अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी, भर बाजारात, विमानातून बाँब पडला. बाजारात ना रझाकार होता ना शिपाई. मिरच्या विकणारे होते, बैल बघायला आलेले होते, लेकरं होती. सरकारी कागदात त्या मेलेल्यांची नोंद कुठंच नाही. मग गावानं आपला आपण दगड उभा केला, त्यावर तेरा नावं कोरली आणि दर पंधरा सप्टेंबरला त्यांची हजेरी घ्यायची प्रथा पाडली. नाव पुकारायचं आणि त्या घरच्या माणसानं 'हजर' म्हणायचं. परक्यानं म्हणायचं नाही. दोन दिवसांवर मुक्तिदिनाचं झेंडावंदन आलंय, हे रडगाणं बंद करा, असा वरून एकदा निरोप आला होता. गाव बधलं नाही. त्या गोष्टीचा लुंबिनीलाही अभिमान होता.

फक्त मेलेली माणसं तेरा नव्हती, चौदा होती. चौदावी गंगूबाई, आताच्या भीमनगरातली, तेव्हाच्या महारवाड्यातली. बाजाराच्या कडेला सरपणाची मोळी घेऊन बसली होती. बाँब पडला तसं तिनं एका लेकराला अंगाखाली घेतलं. लेकरू वाचलं, गंगूबाई गेली. ती लुंबिनीची पणजी.

लुंबिनीची आजी सरजाबाई दर वर्षी रेणापूरहून एसटीनं इथं यायची, पहिल्या रांगेत बसायची. तेरा नावं झाली की उठून मोठ्यानं पुकारायची, "गंगूबाई व्यंकटी!" आणि आपणच 'हजर' म्हणायची. तोवर माईक बंद झालेला असायचा. बावीस वर्षं हा पाठ चालला होता. म्हातारीच्या गळ्याला माईकची गरज नाही, हे समितीच्या ध्यानात यायला बरीच वर्षं लागली.

यंदा मात्र शेवटची संधी होती. जुना दगड तडकला होता. नवा काळा दगड नागप्पा पाथरवटानं घडवून आणला होता आणि हजेरी झाली की तो सिमेंटात बसणार होता. एकदा बसला की झालं. म्हणून लुंबिनी लातूरच्या क्लासमधून रजा काढून आली होती. नागप्पानं तळाला एका नावाची जागा मुद्दाम सोडली होती, हे तिनं येताना पाहिलं होतं.

"पाटील," लुंबिनीच्या शेजारी बसलेली सरजाबाई म्हणाली, "साक्षीदार कसा पायजे?"

"गंगूबाईच्या घरचा नको. ते लेकरू म्हणजे तुम्हीच ना, सरजाबाई? लेकीनं आईची साक्ष दिली तर कुणी धरंल का?" शेषेराव काही दुष्ट माणूस नव्हते. आवाज खाली आणून ते म्हणाले, "मलाबी दुःख ठाऊक हाय. माझी थोरली बहीण त्याच बाजारात गेली. मी तिला बघितलंबी न्हाई, माझा जन्म मागाहून झाला. बापानं तीन महिने शोधली. काईच घावलं न्हाई."

"तीन महिने?" सरजाबाईनं विचारलं.

"हाव."

तिनं त्यांचं तोंड नीट निरखून घेतलं. मग म्हणाली, "परक्या घरचं माणूस उभं राहिलं तर नाव कोराल?"

"आजच्या आज कोरतो. साऱ्या गावासमोर शब्द देतो."

मंडपाकडे जाताना लुंबिनीचा राग मावत नव्हता. सत्त्याहत्तर वर्षांनी परका साक्षीदार आणायचा कुठून? तिला व्यंकटीआबांची घरात सांगतात ती गोष्ट आठवली. बायको गेल्यावर ते लेकराला कडेवर घेऊन पाटलांच्या दारात दिवसभर उभे राहिले होते. आत माणसं होती, पण दार उघडलं नाही. दाणे मागायला गेले असतील, अशी घरात सगळ्यांची समजूत. दुसऱ्या दिवशी आबांनी लेकरासकट रेणापूरची वाट धरली.

"जाऊ दे, आजी," ती म्हणाली. "तू गंगूबाईची लेक हायस, हे जगाला ठाऊक हाय. दगडाची काय मिजास?"

"तेवढंच तर हाय माझ्यापाशी," सरजाबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. लुंबिनीनं तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

रामकिशन गुरुजींनी हजेरी सुरू केली. बाप्ये झाले, बाया झाल्या. प्रत्येक नावाला कुणीतरी उठत होतं, 'हजर' म्हणत होतं, आणि गाव दर वर्षीसारखं ताठ मानेनं ऐकत होतं. तेरावं नाव सगळ्यांत लहान लेकराचं.

"सुंदरा केशवराव. वय वर्षं पाच."

शेषेराव टोपी सारखी करत उठले.

"हजर."

आवाज पहिल्या रांगेतून आला. म्हातारी यंदा एक नाव आधीच बोलली, असं लोकांना वाटलं. कुणीतरी हसलंही. गुरुजींनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की आजी, हे तुमचं नाव नाही, हे पाटलांच्या घरचं आहे.

सरजाबाई काठी टेकत उठली आणि शेषेरावांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"साक्ष लिहून घे, शेषा," ती म्हणाली. "मला अंगाखाली घेतलं ती माझी आई, गंगूबाई व्यंकटी. अन् मी सुंदरा केशवराव."