उशीसकट खुर्ची

घशातल्या नळीमुळे दादांना बोलता येत नव्हतं. ऐकू मात्र सगळं येत होतं. धाकटा भाऊ पलंगापाशी वहिनींना सांगत होता, "एवढा डोंगर यंत्रानं किती दिवस फुगवायचा? दुकानात दादाच्या खुर्चीवर मीच बसतो. मला सैल होते, पण उशी घातलीय." व्हेंटिलेटर काढायचा प्रयत्न दोनदा फसला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आडवं असलं की पोटाचा भार फुप्फुसांवर येतो. बसवलं तर जमेल, पण एवढी रुंद खुर्ची इथं नाही." "दुकानात आहे की!" वहिनी उसळल्या. धुऊनपुसून खुर्ची आली, उशीसकट. दादा ऐसपैस बसले आणि भावाच्या नावानं नळी चावत एकेक श्वास स्वतः ओढू लागले. संध्याकाळी नळी निघाली. भाऊ धापा टाकत आला. "दादा, मी बसू कशावर?" दादांनी बुडाखालची उशी उपसली. पहिले शब्द फुटले, "ही ने. जमिनीवर घाल."